योगाभ्यासाच्या पद्धती आणि त्यांचे तारतम्य

योगासने शिकावयाची असा निश्चय करून पुण्या-मुंबईतील किंवा नाशिक-नागपुरातील एखादी व्यक्ती आज चौकशीस निघाली, तर पहिल्याच दिवशी तिच्यावर निवडीचा प्रसंग येतो. एका वर्गात भिंतीला लावलेले दोर, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या यांच्या साहाय्याने एकट्या त्रिकोणासनावर बराच वेळ घालविला जातो. दुसऱ्या वर्गात श्वासाच्या गतीशी बांधलेली आसनांची मालिका खंड न पडू देता अंग घामाने निथळेपर्यंत चालते. तिसऱ्या ठिकाणी आसन शक्य तितक्या कमी श्रमाने धारण करावे असे बजावून मध्ये मध्ये शवासन करवितात. चौथ्या ठिकाणी आसने थोडकी आणि योगनिद्रा, जप व ध्यान यांचा भाग मोठा असतो. आणि परदेशात लोकप्रिय झालेल्या एका प्रकारात तर खोली सुमारे 40 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ठरावीक 26 प्रकार दीड तासात करवून घेतात. ही सर्व मंडळी आपल्या अभ्यासास योगच म्हणतात, आणि त्यांपैकी बहुतेक जण प्राचीन परंपरेचा हवाला देतात.

अशा स्थितीत कोणती पद्धती अधिक प्राचीन, कोणती योगाच्या मूळ हेतूशी अधिक एकनिष्ठ, कोणती प्रकृतीस अधिक हितकर आणि कोणती अधिक निर्धोक, असे चार प्रश्न उपस्थित होतात. हे प्रश्न परस्परांहून भिन्न असून एकाचे उत्तर दुसऱ्यास लागू पडत नाही. तथापि आजवरच्या चर्चेत हितकारकतेविषयी विचारणा झाली असता प्राचीनतेचा दाखला आणि शुद्धतेविषयी विचारणा झाली असता वैद्यकाचा दाखला पुढे केला गेल्यामुळे बराच गोंधळ माजला आहे. प्रस्तुत लेखात पूर्वपीठिका आणि प्रमुख पद्धतींचा परिचय झाल्यावर या चारही बाबींची निरनिराळी रुजवात घालून पाहण्याचा यत्न केला आहे.

पूर्वपीठिका

पतंजलींच्या योगसूत्रांची संख्या पाठभेदाने 195 किंवा 196 धरतात, आणि त्यांपैकी आसनास प्रत्यक्ष वाहिलेली सूत्रे केवळ तीन आहेत. व्यासभाष्यात पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिकासन, दंडासन अशी काही नावे येतात. परंतु ती मुख्यतः दीर्घकाळ निश्चल बसण्याच्या सोयीची आसने होत. देहालाच साधनेचे क्षेत्र मानणाऱ्या हठयोगाचा लिखित उगम अकराव्या शतकाच्या सुमाराच्या 'अमृतसिद्धि' या ग्रंथापर्यंत मागे नेता येतो, असे अलीकडील संशोधकांचे मत आहे. आणि शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तर या मार्गाचे असे साद्यंत वर्णन आहे की, मराठी वाचकाला हठयोगाचा पहिला परिचय बहुधा तेथेच घडत असावा. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांस आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांस लाभलेला हा नाथपंथी वारसा आहे. त्या वर्णनात साधक बसतो तो एकाच आसनावर, आणि पुढील सर्व भर मूळ, जालंधर व उड्डियान या तीन बंधांवर, प्राणाच्या निरोधावर आणि कुंडलिनीच्या उत्थानावर आहे. आसनांची विविधता हा त्या काळच्या साधकाच्या जिज्ञासेचा विषयच नव्हता.

ती विविधता पुढे क्रमाक्रमाने वाढत गेली. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'त 15 आसने आहेत; 'घेरंडसंहिते'त 32 आहेत; 1737 मधील जयतरामकृत 'जोगप्रदीप्यका' या ग्रंथात 84 आहेत. या क्रमातील सर्वांत विस्मयकारक दस्तऐवज पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या दप्तरात आहे. 'हठाभ्यासपद्धति' नावाच्या त्या पोथीत 112 आसने वर्णिलेली असून त्यांत वारंवार आवर्तने करावयाची आसने आहेत, दोराला धरून करावयाची आहेत, आणि आधुनिक वाचकास थेट व्यायामशाळेची आठवण व्हावी अशीही आहेत. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधि' या सचित्र ग्रंथातील 122 आसनांपैकी पुष्कळशी याच पोथीवरून घेतलेली दिसतात. मराठी मुलखात जपलेली एक पोथी आणि म्हैसूरच्या राजवाड्यातील चित्रावली यांच्यातील हा संबंध पुढील वादात फार महत्त्वाचा ठरला.

विसाव्या शतकातील पद्धतींचा उदय

आज प्रचलित असलेल्या बहुतेक पद्धतींनी आपले वर्तमान रूप धारण केले ते 1918 नंतरच्या अर्धशतकात, आणि त्यातील फार मोठा भाग मुंबई, लोणावळे, पुणे व म्हैसूर एवढ्या टापूत घडला. नर्मदातीरी मालसर येथे राहणारे परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी, गुरू एकच असूनही, दोन भिन्न वाटा धरल्या. मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र, यांनी 1918 मध्ये मुंबईनजीक वर्सोवा येथे आपली योगसंस्था स्थापिली. ती पुढे सांताक्रूझला स्थिरावली. संसारी माणसाला दैनंदिन जीवनक्रमात सामावून घेता येईल असा योग देणे हे त्यांचे उद्दिष्ट होते, म्हणून त्यांनी हठयोगातील प्रक्रिया सुलभ केल्या आणि आसनांच्या जोडीने धर्म, ज्ञान, वैराग्य व ऐश्वर्य या चार भावांचे शिक्षण ठेवले. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेल्या आणि अमळनेरास शिक्षकी पत्करलेल्या या पुरुषाने उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी उदरात काय घडते ते क्ष-किरणांच्या आणि दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खाली जातो, असे त्यांस आढळले, आणि त्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक निघाले. योगक्रियेचे परीक्षण प्रयोगशाळेत करावे आणि निष्कर्ष छापून सर्वांपुढे ठेवावे, ही रीत आपल्याकडे रूढ करण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे.

याच काळात औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार चालू केले आणि 1928 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहून ते विलायतेपर्यंत पोहोचविले. येथे ध्यानी ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्या वेळी सूर्यनमस्कार हा योगाचा भाग म्हणून सर्वमान्य नव्हता. श्रीयोगेंद्रांनी तर योगाशी त्याची सरमिसळ करण्यास स्पष्ट विरोध दर्शविला होता. आज मात्र सूर्यनमस्काराविना योगवर्गाची कल्पनाच पुष्कळांना करवत नाही.

दक्षिणेत म्हैसूर दरबाराच्या आश्रयाने तिरुमलै कृष्णमाचार्य (1888–1989) यांची योगशाळा 1930 नंतरच्या दशकात चालत होती, आणि 1934 मध्ये त्यांचा 'योगमकरंद' हा कानडी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या शिष्यांपैकी पट्टाभि जोइस म्हैसुरास राहिले, मेहुणे बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यासाठी पुण्यास आले आणि पुणेकरच झाले. आणि पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी मद्रासेस पित्याच्या उत्तरायुष्यातील शिकवण पुढे चालविली. उत्तरेकडे ऋषिकेशी स्वामी शिवानंद (1887–1963), हे स्वतः मलायात वैद्यकीचा व्यवसाय केलेले संन्यासी, आसनांबरोबरच जप, सेवा आणि वेदान्तविचार यांचा समुच्चय सांगत होते. त्यांचे शिष्य स्वामी सत्यानंद यांनी मुंगेरास बिहार योग विद्यालय स्थापिले.

प्रमुख पद्धती आणि त्यांची भूमिका

या पद्धतींची तुलना आसनांच्या याद्या समोर ठेवून करण्याचा प्रघात आहे, पण तो फारसा फलदायी नाही. कारण भुजंगासन, पश्चिमोत्तानासन किंवा सर्वांगासन सर्वत्रच शिकवितात. शिक्षकाचे लक्ष प्रथम कशावर जाते, आणि मर्यादा आली असता तो काय बदलतो, या दोन कसोट्या लावल्यास भेद अधिक उघड होतो.

अय्यंगारांचे लक्ष प्रथम देहाच्या रचनेवर जाते. टाचेचा रोख, गुडघ्याची वाटी, खांद्याच्या पात्याची स्थिती यांचा तपशील त्यांनी इतक्या सूक्ष्मतेने मांडला की, 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि मराठीत 'योगदीपिका' या नावाने आलेल्या त्यांच्या ग्रंथास जगभर संदर्भग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. विद्यार्थ्यास आसन साधत नसेल तर ही पद्धती आसनाचे स्वरूप कायम ठेवते आणि त्याला पट्टा, ठोकळा, लोड किंवा खुर्ची यांचा आधार देते. वृद्ध आणि व्याधिग्रस्त माणसालाही शास्त्रशुद्ध आसनाचा लाभ घेण्याची मुभा या युक्तीने मिळाली, आणि माझ्या मते आसनाभ्यासाच्या इतिहासातील ही एक मोठी देणगी आहे. या पद्धतीवर आक्षेप असा की, देहाच्या तपशिलात मन इतके गुंतते की अंतर्मुखतेस वाव उरत नाही. त्यावर तिच्या अनुयायांचे उत्तर असे की, त्वचेपासून आतवर पोहोचणारी ही सावधानता हीच धारणेची पूर्वतयारी असून, शरीर स्थिर झाल्यावाचून प्राणायामास हात घालू नये.

पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग विन्यास पद्धतीचे लक्ष क्रमावर आणि श्वासावर आहे. आसनांच्या एकूण सहा मालिका असून प्रत्येकीचा क्रम नियत आहे. उज्जायी श्वास, बंध आणि दृष्टी या तिन्हींचे अवधान राखून एका आसनातून दुसऱ्यात जावयाचे असते. म्हैसूरच्या रीतीत सर्व विद्यार्थी एकाच दालनात आपापल्या गतीने अभ्यास करतात, शिक्षक त्यांच्यामधून फिरतो, आणि हातचे आसन साधल्यावाचून पुढचे देत नाही. नियत क्रमामुळे चित्तास निवड करण्याचे ओझे उरत नाही आणि अभ्यास ध्यानरूप होतो, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. सर्व देहांना एकच क्रम मानवेल हे गृहीतच संशयास्पद आहे, असे विरोधकांचे म्हणणे.

देशिकाचारांची दिशा याच्या अगदी उलट आहे. त्यांच्या मते आसनाने माणसाच्या मापाचे व्हावे; वय, व्यवसाय, व्याधी आणि ऋतू यांचा विचार करून प्रत्येकास निराळा अभ्यासक्रम द्यावा, तो शक्यतो एकट्यास शिकवावा आणि श्वास हाच त्याचा नियामक असावा. एकाच गुरूच्या तीन शिष्यांनी एवढ्या भिन्न पद्धती उभाराव्या याचे कारण पुष्कळांना गूढ वाटते. परंतु म्हैसूरच्या राजवाड्यात तरुण मुलांना शिकविणारे कृष्णमाचार्य आणि मद्रासेत रुग्णांना तपासून उपचार सांगणारे वृद्ध कृष्णमाचार्य यांच्यापुढील विद्यार्थीच वेगळे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ते उकलते.

लोणावळ्याच्या परंपरेत आसन आणि व्यायाम यांच्यातील भेद कटाक्षाने पाळला जातो. आसन सावकाश घ्यावे, अल्प प्रयत्नाने धरावे, स्नायूंवर ताण पडू लागताच थांबावे. शुद्धिक्रिया, बंध व प्राणायाम यांना आसनांच्या बरोबरीचे स्थान द्यावे. मुंगेरच्या परंपरेत पवनमुक्तासनाच्या सोप्या सांधेचालनापासून आरंभ करून योगनिद्रेपर्यंत आणि चक्रांवरील धारणेपर्यंत नेतात. महाराष्ट्रात नागपूरचे जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचे घंटाळी मित्र मंडळ व अंबिका योग कुटीर, आणि नाशिकची योगविद्या गुरुकुल ही संस्था यांनी शाळांच्या वर्गांत आणि सार्वजनिक सभागृहांत सामान्य लोकांपर्यंत योग नेला. जागतिक कीर्ती त्यांच्या वाट्यास आली नाही. पण मराठी मध्यमवर्गाने योग प्रत्यक्ष केला तो बव्हंशी यांच्याकडून. त्यांच्या कार्याचा साक्षेपी इतिहास व्हावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

वादाचे चार मुद्दे

पहिला मुद्दा प्राचीनतेचा. परंपरावादी पक्ष गुरुमुखातून आलेल्या विद्येस प्रमाण मानतो. विन्यास पद्धतीचा आधार म्हणून 'योगकोरुंट' नावाच्या एका ग्रंथाचे नाव घेतले जाते, पण तो आज उपलब्ध नाही. याउलट नॉर्मन सोमन यांनी 1996 मध्ये आणि मार्क सिंगलटन यांनी 2010 मध्ये असे प्रतिपादिले की, म्हैसुरास घडलेल्या पद्धतीत राजवाड्यातील व्यायामशाळा, लष्करी कवायत, युरोपीय शरीरसाधना आणि आपली मल्लविद्या यांचा मोठा अंश आहे. यानंतर जेम्स मॅलिन्सन आणि जेसन बर्च यांच्यासारख्या पोथ्यांच्या अभ्यासकांनी, वर उल्लेखिलेल्या 'हठाभ्यासपद्धती'सारख्या साधनांच्या बळावर, बहुविध आणि गतिमान आसने आधुनिक काळापूर्वीही होती असे दाखवून दोन्ही पक्षांच्या विधानांना मर्यादा घातल्या. आजची स्थिती अशी की, एखादी पद्धती समग्र प्राचीन किंवा समग्र अर्वाचीन ठरविता येत नाही. प्राणायाम, बंध, मुद्रा आणि बैठी आसने यांचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. उभ्याने करावयाच्या आसनांची मालिका आणि सूर्यनमस्कारांची गुंफण यांचे वर्तमान रूप मात्र विसाव्या शतकातील आहे.

दुसरा मुद्दा एकनिष्ठेचा. चित्तवृत्तींचा निरोध हे ध्येय धरले, तर आरोग्यासाठी केलेला कोणताही अभ्यास गौण ठरतो. देहारोग्य हेच ध्येय धरले, तर ध्यानाचा आग्रह अनावश्यक वाटतो. हा मतभेद मूल्यांचा असल्यामुळे पुराव्याने सुटणारा नाही, आणि तो सोडविण्याची घाईही नको. स्वामित्वाचा एक उपप्रश्न मात्र निकालात निघाला आहे: तापविलेल्या खोलीतील 26 प्रकारांच्या क्रमावर ग्रंथस्वामित्वाचा हक्क सांगणारी फिर्याद अमेरिकेतील अपील न्यायालयाने 2015 मध्ये फेटाळली.

तिसरा मुद्दा हितकारकतेचा, आणि सामान्य वाचकास तोच सर्वांत निकडीचा वाटेल. 2016 मध्ये होल्गर क्रामर आणि त्यांचे सहकारी यांनी योगावरील 306 यादृच्छिक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 52 निरनिराळ्या पद्धती वापरलेल्या होत्या. सुमारे 91 टक्के चाचण्यांचा निष्कर्ष योगास अनुकूल होता. आणि अनुकूल निष्कर्षाचे प्रमाण पद्धतीपरत्वे बदलत नव्हते. याचा अर्थ सर्व पद्धती तुल्यबल आहेत असा लावण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. या चाचण्यांपैकी बहुसंख्य चाचण्यांत योगाची तुलना योग न करण्याशी होती, एका पद्धतीची दुसरीशी नव्हती. शिवाय आपण योग करीत आहो हे विद्यार्थ्यापासून लपविता येत नाही, आणि प्रतिकूल निष्कर्ष छापण्याचा उत्साह सर्वत्रच कमी असतो. 2011 मधील एका अमेरिकी चाचणीत जुनाट कंबरदुखी असलेल्या 228 प्रौढांपैकी काहींना योग, काहींना साधे ताण देण्याचे व्यायाम आणि काहींना केवळ माहितीचे पुस्तक दिले. पुस्तकापेक्षा योग सरस ठरला, पण ताणाच्या व्यायामांपेक्षा सरस ठरला नाही. मिळालेल्या लाभात आसनाचा वाटा किती, श्वासाचा किती, नियमितपणाचा किती आणि आस्थेने विचारपूस करणाऱ्या शिक्षकाचा किती, हे आजही वेगळे काढता आलेले नाही.

चौथा मुद्दा निर्धोकतेचा. शीर्षासनात डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजून सिद्ध झाले आहे, म्हणून काचबिंदूच्या रुग्णास ते वर्ज्य होय. सर्वांगासन आणि हलासन यांत मानेवर येणारा भार, गुडघ्यास पीळ देऊन घातलेले पद्मासन, उच्च रक्तदाबात केलेली वेगवान भस्त्रिका, यांविषयी जाणते शिक्षक पूर्वीपासून सावध करीत आले आहेत. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या देहास हात लावून आसन सुधारावे की नाही, आणि लावल्यास आधी अनुज्ञा घ्यावी की नाही, हा प्रश्नही गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला आहे. अनुज्ञा घेतलीच पाहिजे, याविषयी दुमत असू नये असे मला वाटते.

अनिर्णीत बाबी

1924 पासून योगाचे प्रयोगशाळेतील परीक्षण चालू असूनही, दोन पद्धती समोरासमोर ठेवून, दीर्घकाळ, समवयस्क आणि समव्याधी विद्यार्थ्यांवर केलेल्या तुलनेचा साठा अत्यल्प आहे. 2015 पासून 21 जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन पाळला जातो, आणि त्यानिमित्त शासनाने सर्वसामान्य योगक्रमही निश्चित केला आहे. अशा समान क्रमाने प्रसार सुकर होतो, पण पद्धतींची विविधता झाकोळते असे काही शिक्षकांचे म्हणणे आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि काळच त्याचा निवाडा करील. विद्यार्थी कोणत्या टप्प्यावर अभ्यास सोडतात, कोणास कोणते आसन बाधते, साठीनंतर आरंभ करणाऱ्यास काय झेपते, या गोष्टी मात्र प्रयोगशाळेवाचूनही कळण्याजोग्या आहेत. त्या रोज प्रत्येक वर्गात शिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडतात, आणि नोंद न झाल्यामुळे विरून जातात.

म्हणून लोणावळे, पुणे, सांताक्रूझ, ठाणे, नाशिक आणि नागपूर येथील संस्थांना माझी विनंती अशी की, आपापल्या पद्धतीचा अभिमान कायम राखूनही त्यांनी एक समान नोंदवही ठरवावी. तीत प्रत्येक विद्यार्थ्याचे वय, व्याधी, दिलेला अभ्यास, झालेला लाभ आणि झालेली इजा ही पाच कलमे नावनिशी गुप्त राखून भरावी. आणि दर वर्षी तो गोषवारा, अनुकूल असो वा प्रतिकूल, मराठीत छापावा.